पडवी आणि पायऱ्यांची फरशी : कोकणातल्या पावसाला टिकेल आणि खिशाला परवडेल अशी काय घालावी?

करवंद

नमस्कार मंडळी,

लांजा तालुक्यात आमचं जुनं घर आहे. जांभ्याच्या भिंती, वर कौलं. आई-बाबा तिथे असतात, आम्ही ठाण्यात. ओटीला आणि माजघराला मागेच टाइल्स घातल्या, पण पुढची पडवी आणि पायऱ्या तशाच राहिल्या. आता पागोळ्या जिथे पडतात त्या रेषेवर कोबा पार उखडलाय, मधे दोन ठिकाणी खचलाय, आणि खड्ड्यात पाणी साचून शेवाळ धरतंय. आई चौऱ्याहत्तरची आहे. रोज पहाटे फुलं काढायला त्याच पायऱ्या उतरते, त्यामुळे आता काम टाळायचं नाही असं ठरवलंय.

मापं : पडवी १४ फूट लांब, ५ फूट रुंद. पायऱ्या दोन, प्रत्येकी ५ फूट रुंद. वर पत्र्याचा पुढारा आहे, तरी पाऊस आडवा आला की अर्धी पडवी भिजतेच. पावसाळ्यात बाबा स्कूटर फळी लावून वर घेतात. गॅसवाला सिलिंडर आडवा पाडून लोळवत आणतो. नारळ सोलणं, आंब्याचे क्रेट भरणं, सगळं तिथेच.

बजेट मजुरीसकट २५ हजार. रत्नागिरीच्या एका दुकानात गेलो तर त्याने चकचकीत दोन बाय चारच्या टाइल्सवरून हात फिरवून दाखवला, "आता सगळे हेच घालतात" म्हणाला. शेजारचे म्हणतात शहाबादी घाला, भाऊ म्हणतो कोटा, मिस्त्री म्हणतो पार्किंग टाइल. कोणी वापरलेलं सांगेल का?

मोगरा

वाचतेय. आमच्या दापोलीच्या घराचंही हेच दुखणं आहे. रुमाल टाकून ठेवते.

शनिवारवाडीकर

दुकानदार काही वाईट सांगत नाहीये. चकचकीत टाइलवर एकदा फडकं मारलं की काम झालं. मोठी टाइल घेतली की सांधे कमी, म्हणजे घाणही कमी. आमच्या फ्लॅटच्या दारासमोर तीच आहे, एकदम फर्स्ट क्लास. तेवढा खर्च झेपणार असेल तर काळा पॉलिश ग्रॅनाईट घाला, पिढ्यान् पिढ्या बघायला नको.

तिरफळ

शनिवारवाडीकर, तुमच्या फ्लॅटचं दार कितव्या मजल्यावर आहे? तिथे पाऊस येतो का? :)

करवंद, चकचकीत काहीही घालू नका. पडवी कोरडी असताना सगळंच छान दिसतं. जून ते सप्टेंबर तिथे ओल्या चपला, छत्रीचं गळकं पाणी आणि लाल चिखल एवढंच असतं, आणि रत्नागिरी जिल्ह्यात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. फरशी त्या चार महिन्यांसाठी निवडायची, बाकीच्या आठ महिन्यांत काहीही चालतं.

दुकानात करून बघायची गोष्ट सांगते. नमुन्याची टाइल जमिनीवर ठेवायला सांगा. तिच्यावर वाटीभर पाणी ओता, त्यात भांडी घासायच्या लिक्विडचे दोन थेंब टाका आणि चप्पल घालून पाय जोर देऊन पुढे-मागे सरकवा. दुकानदार तोंड वाकडं करतो, करू दे. काही कंपन्यांच्या माहितीपत्रकात आर ९, आर १०, आर ११ असे आकडे असतात. आकडा जितका मोठा तितकी घसरण कमी. आर ९ घरातल्या कोरड्या खोलीपुरतं ठीक, पाऊस लागणाऱ्या जागी आर ११ मागा. आकडा मिळाला नाही तर पाणी-साबण आहेच.

दुसरं, रंग. आपल्याकडे माती लाल. पांढरी, क्रीम, फिकट राखाडी घेतलीत तर दुसऱ्या पावसात सांध्यांपासून तांबूस छटा पसरते आणि घासून घासून हात दुखतात. तपकिरी, विटकरी किंवा गडद राखाडी घ्या.

अनुस्वार

तिरफळशी सहमत, पण पार्किंग टाइल नको हो. जांभ्याच्या, कौलारू घराला पेट्रोलपंपाची कळा येते. शहाबादीच शोभते.

साइटवरचा

फरशी कुठली यावर सगळे बोलताहेत, खाली काय करायचं हे कोणीच विचारत नाहीये. आयुष्य साइटवर गेलं, त्यामुळे मी खालून सुरुवात करतो. जरा लांब होईल.

कोबा खचलाय याचा अर्थ खालची भर बसलेली नाही, किंवा पागोळ्यांचं पाणी जोत्याच्या कडेने आत शिरून माती धुऊन नेतंय. त्यावर तुम्ही सोन्याची फरशी घातलीत तरी दोन पावसांत पोकळ वाजायला लागेल. मिस्त्री म्हणेल "ताई, कशाला तोडायचं, वरूनच बसवतो." त्याला नाही म्हणा. सगळा कोबा काढा, सैल माती काढा, दगडगोटे आणि मुरूम टाकून पाणी मारून चांगला ठोकून घ्या. त्यावर तीन इंच काँक्रीट, १:३:६ चालेल. सिमेंट एक घमेलं, वाळू तीन, खडी सहा.

ढाळ या काँक्रीटमध्येच द्यायचा. मिस्त्री लोक काँक्रीट सपाट करतात आणि मग फरशीखालचा माल कमीजास्त करून ढाळ काढतात. माल कुठे एक इंच, कुठे अडीच इंच होतो आणि तिथेच पुढे चीर जाते. तुमची पडवी ५ फूट रुंद, तर भिंतीकडून अंगणाकडे पाऊण इंच उतार पुरे. डोळ्याला कळत नाही, पाण्याला कळतो. लेव्हल पाइप लावून दोन्ही टोकांना आणि मध्ये खूण करून घ्या आणि काँक्रीट ओलं असतानाच तपासा.

आता उंची. यात फार घरं फसलेली पाहिली आहेत. नवी फरशी आली की पडवी दीड-दोन इंच वर येते. मग वरची पायरी आठ इंचांची, खालची सहा इंचांची. सवयीने उतरणाऱ्या म्हाताऱ्या माणसाचा पाय अशाच ठिकाणी चुकतो, निसरडेपणाचा तिथे संबंधही नसतो. दोन्ही पायऱ्यांची उंची काम संपल्यावर अगदी सारखी भरली पाहिजे. सहा इंच उंची आणि बारा इंच पाऊल हे माप आईंना सोपं जाईल. ओटी पडवीपेक्षा किती वर आहे तेही सांगा. निदान दोन इंच फरक राहिला पाहिजे, नाहीतर आडवा पाऊस थेट उंबऱ्यावर.

दगडांविषयी थोडं. शहाबादी कलबुर्गी जिल्ह्यातल्या शहाबादहून येते, तांदूर तेलंगणातून, कोटा राजस्थानातून. तिन्ही चुनखडीचेच दगड. शहाबादी सगळ्यात स्वस्त, पण थरांची असते. हलक्या मालाचे पापुद्रे सुटतात, विशेषतः जिथे सारखं पाणी पडतं तिथे. घेताना प्रत्येक लादी उभी धरून नाण्याने वाजवा. खणखणीत वाजली तर घ्या, भद्द वाजली तर बाजूला. हातकापाच्या लाद्यांच्या कडा सरळ नसतात, सांधे रुंद पडतात. मशीनकट मागा. कोटा जास्त घट्ट आणि जाडीला सारखा असतो. पण आरशासारखं पॉलिश केलेला कोटा ओला झाला की चकचकीत टाइलइतकाच निसरडा. कारखान्यातूनच लेदर फिनिश, म्हणजे चमक नसलेला, चामड्यासारखा किंचित खडबडीत होऊन येतो तो घ्या. सत्तर फुटांच्या कामाला पॉलिशचं मशीन घेऊन कोणी लांज्यापर्यंत येणार नाही, आलाच तर फरशीपेक्षा पॉलिश महाग पडेल.

तुमच्या जागी मी लेदर कोटा घातला असता.

मोगरा

काका, दंडवत. वाखु (वाचनखूण) साठवली.

बलकांव

मडगावहून लिहितोय. आमच्याकडे जुन्या घरांच्या बलकांवात (म्हणजे पुढच्या बसायच्या पडवीत) आणि सोप्यांवर तांबड्या ऑक्साईडचा कोबा असायचा. आमच्या आज्याच्या वेळचा अजून आहे. वर्षानुवर्षं पाय लागून जो तुकतुकीतपणा आलाय तो कुठल्या टाइलला येणार नाही. मे महिन्यात दुपारी त्यावर आडवं पडायचं सुख वेगळंच.

सामान सगळ्यात स्वस्त : सिमेंट, बारीक वाळू आणि ऑक्साईडची पूड. पूड सिमेंटच्या वजनाच्या दहा टक्क्यांच्या आत ठेवायची, जास्त झाली तर थर कच्चा राहतो. चार बाय चारचे चौकोन पाडून मध्ये काचेच्या पट्ट्या घालायच्या, म्हणजे चिरा भलतीकडे पळत नाहीत. मग थापीने घोटायचं आणि आठवडाभर पाणी बांधून ठेवायचं. सगळी कला घोटण्यात आहे आणि ते हात आता मिळत नाहीत. आमच्या गावात जो शेवटचा होता तो आता वयाने बसलाय. मुलं टाइल बसवतात.

तुमची पडवी भिजते म्हणता, तर घोटलेला गुळगुळीत कोबा मीही सांगणार नाही. आमचा बलकांव तिन्ही बाजूंनी खोल छपराखाली आहे.

दोनओळी

जांभ्याच्याच लाद्या कापून घातल्या तर? घराला घर मिळेल.

तिरफळ

दोनओळी, अंगणात घाला, सुंदर दिसतात. पडवीत नको. जांभा पाणी पितो आणि सावलीत महिनोन्महिने सुकत नाही. शेवाळाला याहून चांगली जागा कुठली? शिवाय स्कूटरचा स्टँड रोज एकाच जागी टेकला की तिथे खळगा पडणार.

करवंद

सगळ्यांचे खूप आभार. साइटवरचा काका, तुमचा प्रतिसाद छापून बाबांना पाठवलाय, त्यांनी लाल पेनाने खुणाही केल्यात. ओटी पडवीपेक्षा चार इंच वर आहे.

लेदर कोट्यावर जवळजवळ शिक्कामोर्तब झालं होतं. काल रात्री आईला फोनवर सांगितलं, तर तिने विचारलं, "त्याच्यावर आगळाचे डाग पडतात का?" आगळ म्हणजे कोकमाचा खारवलेला रस. एप्रिल-मे महिन्यात ती कोकमं करते. रातांबे फोडणं, सालं मीठ लावून ठेवणं, पुन्हा पुन्हा रसात बुडवून सुकवणं, आगळ गाळून बरण्यांत भरणं, सगळं पडवीतच. वाळत घालायला अंगणात नेतात, पण बाकीचा पसारा आत. थोडा रस सांडतोच.

आणि हो, ती हे सगळं जमिनीवर बसून करते.

साइटवरचा

आईंना माझा नमस्कार सांगा. पहिल्याच पोस्टमध्ये हे आलं असतं तर माझं अर्धं टंकन वाचलं असतं!

मग पडवीत कोटा नको. शहाबादी, तांदूर, कडप्पा, संगमरवर, यातलं काहीच नको. चुनखडीच्या दगडाला आंबट चालत नाही. लिंबू, चिंच, आगळ, जे काय सांडेल ते दगडाची वरची कातडी खातं. रंगाचा डाग एकवेळ धुऊन जाईल, पण तेवढ्या भागाची चमक गेलेली दिसत राहते आणि ती जागा खरखरीत होते. लेदर फिनिशवर ते थोडं लपतं इतकंच. आगळात वरून मीठ असतं. मिठाचं पाणी दगडाच्या आत जाऊन सुकलं की पापुद्रे सुटायला आणखी मदत. ओट्याच्या आणि न्हाणीच्या लाद्या पांढरट झालेल्या दिसतात त्यातल्या बऱ्याच अ‍ॅसिड ओतून "स्वच्छ" केलेल्या असतात, तो प्रकार हाच.

आंबटाला दाद देत नाहीत असे दोन पर्याय : ग्रॅनाईट आणि व्हिट्रिफाइड टाइल. ग्रॅनाईटने पूर्ण पडवी तुमच्या बजेटात बसायची नाही. म्हणजे टाइल. मिस्त्री बरोबर होता, फक्त त्याचं कारण वेगळं असावं. त्याला ती बसवायला सोपी जाते.

अनुस्वार

म्हणजे शेवटी पेट्रोलपंपच!

तिरफळ

अनुस्वार, तसंच काही नाही. पार्किंग टाइल म्हटलं की आपल्या डोळ्यासमोर ती खवल्याखवल्यांची, चौकटी-चौकटींची येते. ती मुळीच घेऊ नका, अनुस्वारला आवडत नाही म्हणून नव्हे. तिच्या खाचांत लाल माती आणि आगळ दोन्ही अडकणार, आणि काकूंना तिच्यावर पाट घेऊनसुद्धा बसवणार नाही. साडी अडकते, पाय सोलतात. आता त्याच जाडीत सपाट मॅट पृष्ठभागाच्या येतात. हात फिरवला की बारीक रव्यासारखं लागतं, बसायला टोचत नाही, ओल्यात पकडते. तपकिरी किंवा विटकरी रंगात मागा.

साइटवरचा

हेच म्हणणार होतो. आणखी काही बघायचं ते सांगतो.

सिरॅमिक आणि व्हिट्रिफाइड एकच समजू नका. साधी सिरॅमिक पाणी पिते. व्हिट्रिफाइड जवळजवळ पीत नाही, अर्ध्या टक्क्याच्या आत. दुकानात ओळखायचं तर टाइल उलटी करून मागच्या बाजूवर पाण्याचा थेंब टाका. मिनिटाभरात शोषला गेला तर ती पडवीची नाही.

दुसरं, फुल बॉडी आहे का विचारा. म्हणजे वरपासून खालपर्यंत एकच रंग. वरून छापील थर दिलेली टाइल दिसायला कितीही देखणी असो, नारळ हातातून सुटून कोपऱ्यावर पडला की टवका उडतो आणि आतला वेगळा रंग कायमचा दात काढून हसतो. फुल बॉडीचा टवका उडाला तरी लांबून कळत नाही. जाडी दहा ते बारा मिलिमीटर, कमी नको.

तिसरं, आकार. दोन बाय दोन किंवा दोन बाय चार नको, सोळा इंची चौकोन घ्या. लहान टाइल ढाळाला नीट वळते. सांधे जास्त येतात ते इथे चांगलंच, पायाला तेवढी पकड.

पायऱ्यांना मात्र टाइल नको. पायरीच्या कडेला दोन टाइल काटकोनात येतात, तो सांधा कितीही सफाईने केला तरी फळी लावून स्कूटर चढवली की फुटतोच. तिथे ग्रॅनाईटची एकसंध पट्टी घाला, वरून फ्लेम केलेली, म्हणजे आगीच्या झोताने खरखरीत केलेली. लेदरही चालेल. पॉलिश अजिबात नको. पंधरा चौरस फुटांचा प्रश्न आहे. पुढची कड गोल करून घ्या आणि एक इंच पुढे काढा. खालच्या बाजूने बोटभर आत एक बारीक खाच मारून घ्या, म्हणजे पाणी कडेखालून मागे न जाता तिथेच गळतं आणि खालच्या उभ्या दगडावर काळे ओघळ येत नाहीत.

शनिवारवाडीकर

मॅट टाइल साफ करायला जड जाते हे मात्र कोणी सांगत नाहीये. माझ्या सासुरवाडीला आहे, सगळ्या घरादाराचे पाय त्यावर उमटलेले दिसतात.

तिरफळ

खरं आहे, ते मान्य. फडक्याने होत नाही, खराटा आणि पाणी लागतं. पडवीला ते चालतं, तुमच्या हॉलला नाही चालणार.

हिशेबनीस

आकडे कोणीच टाकत नाहीये म्हणून मी टाकतो. माझं संगमेश्वरला असंच छोटं काम नुकतंच झालं. भाव मला तिथे सांगितलेले आहेत, तुमच्याकडे दहा-वीस टक्के इकडेतिकडे होतील.

पडवी ७० चौरस फूट. भिंतीकडची आणि दोन्ही बाजूंची चार इंची स्कर्टिंग धरली तर आणखी ८. तोडफोड आणि कापाकापीसाठी दहा टक्के वर. एकूण ८६. सोळा इंची टाइल म्हणजे प्रत्यक्षात ४०० मिलिमीटर, एकीचे १.७२ चौरस फूट होतात. तर ५० टाइल्स. ५० रुपये फुटाने ४,३०० झाले. पायऱ्यांचा ग्रॅनाईट १५ फूट, साधारण २,०००, आणि कड गोल करण्याचे ८००. टाइल चिकटवायच्या ॲडहेसिव्हच्या दोन गोण्या हजारात, सांधे भरायचं ग्राउट ५००. सिमेंट ५ पोती १,९००, वाळू-खडी ३,०००. जुनं तोडून, भर ठोकून, राडारोडा हलवायला ३,०००. मजुरी १०० फूट धरून ४,५००. टेम्पो २,५००.

बेरीज २३,५००. दीड हजार हातात राहतात, ते मिस्त्रीच्या चहात जातील.

बघा, यात टाइलचा वाटा पाचवा हिस्सासुद्धा नाही. म्हणून फुटामागे दहा रुपये वाचवायला हलका माल घेण्यात काही अर्थ नाही, सगळे मिळून साडेआठशे वाचतील. वाचवायचंच असेल तर टेम्पोत वाचवा. गावात अजून कोणाचं काम निघतंय का बघा, एकाच फेरीत दोघांचा माल आणा. दुसरं, दुकानदाराच्या गोदामात मोठ्या ऑर्डरमधून उरलेल्या आठ-दहा पेट्या नेहमी पडलेल्या असतात. त्याला त्या अडचण, तुम्हाला नेमक्या तेवढ्याच हव्यात. निम्म्या भावात देतो. फक्त सगळ्या पेट्यांवर शेडचा आणि बॅचचा नंबर एकच आहे ना ते बघा, आणि पेटीवर प्रीमियम लिहिलंय की स्टँडर्ड की कमर्शियल तेही वाचा. कमर्शियलमध्ये वाकलेल्या टाइल निघतात. दोन टाइल तोंडाला तोंड लावून धरल्या की मधली फट दिसते.

अनुस्वार

हिशेबनीस, नावाला जागलात.

करवंद

हिशेबनीस, हे सोनं आहे. एक शंका. मिस्त्री म्हणतो ॲडहेसिव्ह हे दुकानदारांचं खूळ, तो सिमेंटच्या घोळावरच बसवणार. त्याची पंचवीस वर्षं अशीच गेली म्हणे.

साइटवरचा

त्याची पंचवीस वर्षं सिरॅमिक आणि दगड बसवण्यात गेली असतील. ती पाणी पितात, सिमेंटचा घोळ आत ओढून घेतात आणि धरून बसतात. व्हिट्रिफाइड पाणीच पीत नाही, तर सिमेंटने धरायचं कशाला? सुरुवातीला बसल्यासारखी वाटते, वर्ष-दोन वर्षांत ठोकली की पोकळ. त्यात तुमच्याकडे ऊन, मग एकदम पाऊस.

वाद घालू नका. "गोण्या मी आणल्यात, आता वापराच" म्हणा. मात्र लावायची पद्धत बघायला समोर उभं राहा. टाइलच्या मागे पाच ठिकाणी गोळे लावून दाबायची सवय असते. मधे हवा राहते, कोपरे अधांतरी. स्कूटरच्या स्टँडखाली पहिला कोपरा तोच जातो. दातेरी थापीने पूर्ण पृष्ठभागावर पसरवायला सांगा. मधेच एखादी टाइल ताबडतोब उचलून मागे बघा, सगळीकडे लागलेलं दिसलं पाहिजे. टाइलच्या मागची पांढरी भुकटी ओल्या फडक्याने आधी पुसा. दोन टाइलमध्ये तीन मिलिमीटरचे स्पेसर. "सांधा दिसायला नको" म्हणून चिकटवून बसवू देऊ नका.

ग्राउट दुसऱ्या दिवशी. आगळाचा कारभार असेल तर इपॉक्सी ग्राउट घ्या, साध्या सिमेंटच्या ग्राउटलाही आंबट खातं. इपॉक्सी महाग असतं, पण एवढ्याशा जागेला एक छोटा डबा पुरेल. हिशेबनीसांच्या दीड हजारातून चहा कमी करा.

हिशेबनीस

मिस्त्रीचा चहा कमी करून कोणाचं काम नीट झालंय, काका?

बलकांव

पागोळ्यांचंही बघा. पन्हळ लावली नाही तर पाणी त्याच रेषेवर पडत राहणार. दगड असो की टाइल, जोत्याची कड आधी जाईल. आमच्याकडे पत्र्याची पन्हळ लावून पाणी एका कोपऱ्यातून सोडलंय. अंगणातला खड्डाही गेला.

साइटवरचा

बलकांव, लाख बोललात. पन्हळ या हिशेबात नाही, ती वेगळी धरा, पण फरशीच्या आधी लावा. नंतर शिडी नव्या टाइलवर उभी करावी लागते.

मोगरा

काम कधी काढावं? आमच्याकडे मेमध्ये माणसंच मिळत नाहीत.

तिरफळ

मेमध्ये सगळे गडी आंब्यावर. दिवाळी झाल्यावर शिमग्याच्या आधी, तेच दिवस. पाऊस नसतो, सिमेंटला पाणी मारायला विहिरीलाही भरपूर असतं.

करवंद

मिस्त्रीने दिवाळीनंतरचाच वायदा दिलाय. उरलेल्या पेट्यांची कल्पना फार आवडली, रत्नागिरीत एकाकडे विटकरी मॅटच्या आहेत असं कळलं, पण तो दिवाळीपर्यंत थांबायला तयार नाही. आता घेऊन पावसाळाभर गोठ्यात ठेवल्या तर चालतील का? ॲडहेसिव्ह आणि ग्राउटही आत्ताच घेऊ?

हिशेबनीस

टाइल घ्या, ॲडहेसिव्ह नको. गोणी ओल धरते आणि दगड होतो, शिवाय तिला मुदत असते. ते कामाच्या आठवड्यात आणा. टाइलच्या पेट्या खाली दोन फळ्या टाकून उभ्या ठेवा, आडव्या एकावर एक रचल्या की खालच्या पेटीतल्या कोपऱ्यात तडकतात. पुठ्ठा भिजून गळून पडतो, म्हणून पेट्यांवरचे शेड-बॅचचे नंबर आधीच मोबाइलवर फोटो काढून ठेवा.

तिरफळ

आणि पैसे देण्याआधी पाणी-साबणाचा प्रयोग कराच. त्यासाठी चप्पल जुनी, तळवा झिजलेली न्या, काकूंची रोजची असेल तर उत्तमच. नव्या चपलेला सगळ्याच टाइल पकडतात.